गळका गंज

मोबाइलचं ॲप बनवणाऱ्यांच्या आयुष्यात दोन स्क्रीन पुन्हा पुन्हा येतात. एक यादीची. तिच्यात पन्नास वस्तू एकीखाली एक, प्रत्येकीला एक ओळ. त्यातल्या एका ओळीवर बोट टेकवलं की दुसरी उघडते, ती त्या एकाच वस्तूची. मोठा फोटो, माप, स्थिती, दोन ओळींची माहिती आणि तळाशी एक बटण. हिला आम्ही डिटेल स्क्रीन म्हणतो. मी सोळा वर्षं अशा स्क्रीन करते आहे. मिक्सरच्या केल्या, फ्लॅटच्या केल्या, एकदा तर म्हशींच्याही केल्या. काय दाखवायचं हे कोणीही सांगतं, काय गाळायचं हे मला कळतं, असं मी ऑफिसात नव्याने आलेल्या मुलींना ऐकवत असे. ह्या बाबतीत आपला कोणी हात धरू शकत नाही अशी माझी पक्की समजूत होती. ती एका पितळी गंजाने खोटी पाडली.

गंज म्हणजे पुण्याकडे ज्याला पातेलं म्हणतात ते. आमच्या नागपुरात तो गंजच.

सहा वर्षांपूर्वी आम्ही हिंगणा रोडच्या आतल्या ह्या कॉलनीत राहायला आलो. कॉलनी जुनी आहे, हिंगण्याच्या कारखान्यांत नोकरी करणाऱ्यांनी वसवलेली. मधोमध हनुमानाचं मंदिर आणि मंदिरामागे पत्र्याचं छप्पर असलेली एक खोली. तिला सगळे भांड्यांची खोली म्हणतात. मोठे गंज, कढया, पराती, झारे, बादल्या, दोनशे ताटं. बारसं असो, हळद असो की कोणाची तेरवी, भांडी तिथून न्यायची आणि घासून परत आणून द्यायची. भाडं नाही. भांडी कॉलनीच्या मंडळाची, पण मंडळाने विकत घेतलेली जवळपास नाहीतच. सगळी लोकांनी दिलेली.

आणि आपल्याकडे भांडं घेतलं की त्यावर नाव घातल्याशिवाय माणूस दुकानाची पायरी उतरत नाही. दुकानदार मांडीवर भांडं घेऊन टकटक करत ठिपक्या-ठिपक्यांनी नाव कोरतो आणि आपण समोर उभं राहून वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ ते सांगतो. त्या खोलीतल्या प्रत्येक भांड्यावर कोणाचं ना कोणाचं नाव होतं. कोणाच्या स्मरणार्थ, कोणाच्या लग्नानिमित्त. एक परात तर मुलगा दहावी पास झाल्याप्रीत्यर्थ दिलेली होती. मुलगा किती टक्क्यांनी पास झाला तेही तिच्यावर कोरलं होतं. लोक भांडी मागतानाही तशीच मागत. पोस्टवाल्यांची कढई द्या, दहावीची परात द्या.

खोलीची किल्ली काकांकडे असे. काका म्हणजे आमच्या मागच्या गल्लीतले सत्तरीचे गृहस्थ. मूळचे कळमेश्वरकडच्या एका खेड्यातले, भावाची शेती अजून तिकडे आहे. स्वतः हिंगण्याच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून रिटायर झालेले. दर रविवारी सकाळी ते खोली उघडून बसत आणि एकेक भांडं उलटंपालटं करून बघत. बोलणं कमी. नेलेल्या भांड्यांची नोंद एका जाड रजिस्टरमध्ये, अक्षर छापल्यासारखं.

एकदा एकाच दिवशी दोन घरी कार्यक्रम निघाला आणि दोघांनाही एकच कढई कबूल केलेली निघाली. त्यावरून चांगलीच जुंपली. मंडळाच्या सेक्रेटरीबाई माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, तू कम्प्युटरवाली ना, भांड्यांचं एक ॲप करून दे. मी हो म्हटलं. तीन रविवारचं काम, असा माझा हिशोब.

पहिल्या रविवारी वही घेऊन खोलीत गेले. आमच्या घराण्यात चार पिढ्या कारकुनी झाली आहे, त्यामुळे यादी करायला बसले की मला एक प्रकारचा उत्साह चढतो. एका मापाची भांडी एकत्र लावत मी काकांना विचारलं, ह्या नावांचं काय करायचं? प्रत्येक भांड्याची वेगळी स्क्रीन करायची की एका मापाची मिळून एक? मनातून मला दुसरा पर्याय हवा होता. काका झाऱ्यांची मोट बांधत होते. मान वर न करता म्हणाले, "नावं कायले पाह्यजे? गंज म्हणजे गंज."

मला तर हे मनासारखंच झालं. वहीत लिहिलं : पितळी गंज, मधला. नग पाच.

सहावा वरच्या फळीवर होता, अगदी मागे, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला. मी स्टूल ओढायला लागले तर काका म्हणाले, "तो राहू दे. गळते तो."

आता माझा स्वभाव असा की कोणी राहू दे म्हटलं की माझ्याने राहवत नाही. शिवाय माझ्या स्क्रीनवर 'स्थिती' नावाचा रकाना होता आणि त्यात तीनच पर्याय होते. चांगला, गळका, बाद. नीट तपासल्याशिवाय त्यातला एक कसा निवडणार? काका मंदिराच्या पुजाऱ्यांशी बोलायला गेले तेवढ्यात मी गंज खाली काढला, आवारातल्या नळाखाली काठोकाठ भरला आणि ओट्यावर ठेवून झारे मोजायला बसले. अर्ध्या तासाने पाहिलं तर खाली थेंब नाही. आतून कल्हई तर अशी लख्ख की तोंड दिसावं. वर्षानुवर्षं गळका म्हणून पडून असलेल्या भांड्याला ताजी कल्हई कशी, हे मला त्याच वेळी सुचायला हवं होतं. सुचलं नाही. मी स्थिती शोधत होते, ती सापडली होती.

काका आल्यावर मी विजयी सुरात सांगितलं की गळत नाही, अगदी चांगला आहे. त्यांनी गंजाकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं. "असं का," एवढंच म्हणाले. मग गंज उचलून पाणी जास्वंदीच्या आळ्यात ओतलं आणि खांद्यावरच्या दुपट्ट्याने तो बराच वेळ पुसत राहिले. मला वाटलं, आपली चूक सापडली म्हणून म्हातारा खट्टू झाला. मी वहीत पाचाचे सहा केले.

ॲप छान झालं, हे मी आजही म्हणेन. यादीत 'पितळी गंज, मधला' अशी एक ओळ. तिच्यावर बोट ठेवलं की डिटेल स्क्रीन : एका गंजाचा स्वच्छ फोटो, त्यातही मी नावाची बाजू मागे वळवून ठेवली होती, कारण फोटोत अक्षरं आली की ते गचाळ दिसतं. माप बारा लिटर. स्थिती चांगला. उपलब्ध सहा. खाली नेणाऱ्याचं नाव, नेण्याची तारीख, परत करण्याची तारीख. आणि 'पाहिजे' असं हिरवं बटण. सेक्रेटरीबाईंनी सभेत मला नारळ दिला. काकांनीही टाळ्या वाजवल्या. आता किल्लीच्या आणखी दोन प्रती झाल्या, मंडळातलं कोणीही फोन बघून भांडी काढून देऊ लागलं. कुठलं भांडं द्यायचं हा प्रश्नच उरला नाही. मापाचं असलं की झालं.

मे महिन्यात कॉलनीतल्या एका कुटुंबाच्या भाचीचं लग्न कळमेश्वरला होतं. त्यांनी सहाच्या सहा गंज नेले आणि ठरलेल्या दिवशी आणून दिले. त्या दिवशी खोलीवर मी आणि काका दोघंच होतो. मी मोजले, सहा भरले, फोनवर 'परत आले' दाबलं. काका मात्र जुन्या सवयीने एकेक गंज हातात फिरवून बघत होते. चौथ्यावर त्यांचा हात थांबला. पुन्हा पहिल्यापासून सगळे पाहिले.

"हे सहाही आपलेच हायेत?" त्यांनी विचारलं.

मी फोन त्यांच्यासमोर धरला. सहा गेले, सहा आले. त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं, त्यावरच्या त्या एका स्वच्छ गंजाकडे पाहिलं आणि चपला घालून निघून गेले.

पुढच्या रविवारी ते आले नाहीत. किल्ली काकूंकडून पाठवली, गुडघा दुखतो म्हणून निरोप. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. मग एका दुपारी काकू माझ्या घरी आल्या. बाहेर ऊन रणरणत होतं. मी त्यांना कूलरसमोर बसवलं, पन्हं दिलं. त्यांनी पेला तसाच हातात धरून ठेवला. म्हणाल्या, "त्यातला एक गंज बदलून आला वं बाई. माह्या पोरीचा व्हता तो."

काका-काकूंना एक मुलगी आहे आणि ती बाहेर असते, एवढंच मला माहीत होतं. बाकीचं काकूंनी त्या दुपारी सांगितलं. अकरा वर्षांपूर्वी मुलीचं लग्न ठरलं होतं. इतवारीत जाऊन आंदणाची भांडी घेतली, काकांनी स्वतः दुकानात उभं राहून एकेकावर तिचं नाव घालून घेतलं. लग्नाला आठ दिवस असताना मुलीने पुण्यात आपल्या ऑफिसातल्या मुलाशी कोर्टात लग्न केलं आणि फोन करून कळवलं. मुलगा जातीतला नव्हता. काकांनी त्याच संध्याकाळी सगळी भांडी हातगाडीवर घातली आणि मंडळाच्या सभेत नेऊन दिली. सगळ्यांसमोर म्हणाले, हे मंडळाचं झालं, आणि हे नाव आता माझ्या घरात कोणी घ्यायचं नाही. ताटं-पेले आले गेले, कुठे कुठे हरवले. गंज तेवढा उरला. तो त्यांनीच फडक्यात गुंडाळून वर ठेवला आणि ज्याला त्याला गळतो म्हणून सांगत राहिले.

"दरसाल दिवाळीच्या आधी त्याले कल्हई करून आणते तो माणूस," काकू म्हणाल्या. "त्याले वाटते मले ठाऊक नाही. घरात नाव घेऊ देत नाही, अन् तिकडं जाऊन त्या नावावरून फडकं फिरवत बसते."

मी विचारलं, मग घरी का नाही आणला? काकूंनी मान हलवली. दिलेलं परत मागणाऱ्यांतला तो माणूस नाही, म्हणाल्या. त्याने चार लोकांत दिलं ते दिलं. मुलीशी त्या स्वतः फोनवर बोलत, काका घरात नसताना. तिला आता पाच वर्षांची मुलगी आहे. लेक दरवेळी काकूंना एकच विचारते, बाबांनी माझं सगळंच देऊन टाकलं का? आणि दरवेळी काकू सांगतात, गंज आहे.

"आता काय सांगू तिले?" त्या म्हणाल्या.

काकू गेल्यावर मला आधी राग आला, तो काकांचा. एक शब्द बोलले असते तर मी त्या गंजाला हात लावला असता का? मग लाज वाटली. ते बोललेच होते. गळतो, म्हणाले होते. त्यांना ह्याहून जास्त बोलता येत नव्हतं आणि मी त्यांच्या त्या एका वाक्यात पाणी भरून पाहिलं होतं.

लग्नघरी फोन केला. त्यांनी आचाऱ्याचा नंबर दिला. आचारी कळमेश्वरचाच, दहा गावची लग्नं करणारा. तो सज्जनपणे म्हणाला, घाईत भांडी इकडची तिकडे होतात ताई, माझ्या गोदामात चाळीस-पन्नास गंज आहेत, येऊन बघून घ्या, ओळखू येईल ना? मी येईल म्हटलं आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं की येणार नाही. मी त्या गंजाची कल्हई पाहिली होती, नाव वाचलं नव्हतं. काकू तासभर बोलल्या, पण 'माही पोरगी' ह्यापलीकडे गेल्या नाहीत. इतक्या वर्षांची त्यांनाही सवय झाली होती. आणि माझ्या त्या सुबक स्क्रीनवर सहा गंजांचा मिळून एकच फोटो, तोही दुसऱ्याच गंजाचा.

संध्याकाळी काकांकडे गेले. ते अंगणात खुर्ची टाकून बसले होते. मी दुसरं काहीच बोलले नाही. म्हटलं, काका, कळमेश्वरला एका गोदामात आपला गंज असावा, पण मला तो ओळखू येणार नाही, तुम्ही याल का? काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. काका म्हणाले, "सकाळी लवकर निघू. ऊन व्हते मंग."

सकाळी सातला आम्ही स्कूटरवर निघालो. मी तोंडाला ओढणी बांधलेली, काका मागे, मांडीवर तो बदलून आलेला परका गंज. वाटेत ते रस्त्याबद्दल बोलले. हा पूल नवा झाला, हा फाटा आमच्या गावाकडे जातो, भावाने ह्या वर्षी कपाशी कमी लावायचं ठरवलं आहे. गंजाचं नाव नाही. मीही काढलं नाही.

आचाऱ्याचं गोदाम म्हणजे घरामागची लांबट शेड होती. भिंतीला लागून गंजांच्या उतरंडी. त्याने आमच्या हातातला गंज घेतला, नाव वाचलं, हा सावनेरच्या पार्टीचा, म्हणाला, आणि बाजूला ठेवला. मी उतरंडीकडे वळले तसं त्याने मला थांबवलं. त्याच्याकडे एक रीत होती. भांड्याला हात लावायच्या आधी नाव सांगायचं. पूर्ण, जसं कोरलं असेल तसं. "राग मानू नका," तो म्हणाला, "चांगला गंज दिसला का कोणीही आमचाच म्हणते. नाव सांगा, मी काढून देतो."

मी काकांकडे पाहिलं. शेडमध्ये दोन बायका कांदे निवडत होत्या, त्यांचे हातही थांबले होते की मलाच तसं वाटलं कोण जाणे. काकांनी एकदा घसा साफ केला. मला क्षणभर वाटलं, आता ते राहू दे म्हणतील आणि आम्ही रिकाम्या हाताने परत जाऊ. मी मनात परतीची वाट धरलीसुद्धा.

त्यांनी नाव सांगितलं. चि. सौ. कां. पासून सुरुवात केली, मग मुलीचं नाव, मग वडिलांचं म्हणजे स्वतःचं, मग आडनाव. आवाज मोठा नव्हता, पण मध्ये कुठे अडखळला नाही. आचारी उतरंडी उतरवत गेला, एकेक गंज उजेडाकडे धरून वाचत. तिसऱ्या उतरंडीत तळाशी तो निघाला. त्याने पुन्हा मोठ्याने नाव वाचलं आणि काकांच्या हातात दिला. काकांनी अक्षरांवरून अंगठा फिरवला. तिच्या नावाला लागूनच त्यांचं नाव होतं. दोन्ही एकाच दुकानदाराने एकाच बैठकीत कोरलेली.

परत येताना एका रसवंतीशी त्यांनी थांबायला सांगितलं. उसाचा रस घेतला. गंज बाकड्यावर त्यांच्या बाजूलाच होता. पेला अर्धा झाल्यावर म्हणाले, "अकरा वर्षं झाले, हे नाव तोंडातून काढलं नव्हतं बेटा. मले वाटलं, जमते का नाही."

मी चुकले होते, ते मी तिथे त्यांना सांगितलं. त्यांनी हात हलवला. गळतो म्हणून मीच सांगितलं होतं, म्हणाले.

त्यानंतर मी ॲप पुन्हा केलं. आता प्रत्येक भांड्याची आपली आपली डिटेल स्क्रीन आहे. फोटो नावाच्या बाजूचा, खाली 'भांड्यावरचं नाव' असा रकाना. काका रविवारी पुन्हा येऊ लागले. ते चष्मा लावून नाव वाचत, मी टाइप करी. नावाबरोबर ते भांडं कसं आलं तेही सांगत आणि मी तेही लिहून घेई. दहावीची परात ज्याच्या नावाची तो आता स्वतः शिक्षक आहे, हे त्या स्क्रीनवर वाचायला मिळतं. माझ्या ऑफिसातल्या मुलींना ह्या स्क्रीन दाखवायची माझी छाती नाही. लांबच लांब झाल्या आहेत. एकही ओळ काढावीशी वाटत नाही. सहाव्या गंजाची वेळ आली तेव्हा काकांनी नाव स्वतः सांगितलं, न वाचता. त्याखाली काही लिहायचं का, विचारलं तर नको म्हणाले. स्थिती चांगला, हे राहू दिलं.

लिंक कॉलनीच्या ग्रुपवर गेली. काकूंनी ती कोणाला पुढे पाठवली ते मी विचारलं नाही.

दिवाळीच्या पंधरा दिवस आधी, मी ऑफिसात असताना, फोनवर मागणी आली. वस्तू : पितळी गंज, मधला. भांड्यावरचं नाव आणि त्याच्या खाली नेणाऱ्याचं नाव. दोन्हींतलं पहिलं नाव एकच होतं. वरच्याला माहेरचं आडनाव, खालच्याला सासरचं. नेण्याची तारीख लक्ष्मीपूजनाची, परत करण्याची तारीख दुसऱ्या दिवसाची. कारणाच्या रकान्यात तिने लिहिलं होतं, एका दिवसासाठी हवा.

मागणी मंजूर करायचं काम काकांचं. मी संध्याकाळी थेट त्यांच्या घरी गेले आणि फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी वाचलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं. काकू ओट्याशी सांबार, म्हणजे कोथिंबीर, निवडत होत्या, त्यांनी मान वर केली नाही, पण काड्याही खुडत नव्हत्या.

"हे तिनंच लिवलं?" काकांनी विचारलं.

मी हो म्हटलं. त्यांनी तारखेवर बोट ठेवलं. "हे परतीची तारीख काढून टाक."

मी सांगितलं की ॲप तसं करू देत नाही, तो रकाना भरावाच लागतो. करूनही दाखवलं. तारीख पुसून मंजूर दाबलं की लाल अक्षरं येत, परत करण्याची तारीख भरा. काका त्या लाल अक्षरांकडे पाहत होते.

"मी मंडळाले दिलेलं हाय," ते शेवटी म्हणाले. "ते मले वापस मांगता येत नाही. पण मंडळ तिले देऊ शकते ना? देऊ दे. तारीख नको टाकू."

मी तिथेच बॅग उघडून लॅपटॉप काढला आणि त्यांच्या जेवणाच्या टेबलावर तो नियम काढला. एका ओळीचं काम होतं. काकूंनी चहा ठेवला. नवं ॲप फोनवर आलं, काकांनी तारीख कोरी ठेवली आणि स्वतःच्या बोटाने मंजूर दाबलं. ह्या वेळी लाल काही आलं नाही.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी ती आली, नवरा आणि मुलीसह. मी खोलीवर होते, कारण किल्लीची तिसरी प्रत माझ्याकडे आणि दिवाळीत भांड्यांना मागणी फार. काकांनी गंज वरच्या फळीवरून काढला, फडकं सोडलं आणि तिच्या हातात दिला. रजिस्टरमध्ये सही घेतली, कारण ॲप असलं तरी ते रजिस्टर त्यांनी सोडलेलं नाही. नातीने गंजावरची अक्षरं जुळवून वाचली आणि आजोबांना विचारलं, हे दुसरं नाव कोणाचं? ते म्हणाले, माहं. मी बादल्या मोजायला आत गेले. बादल्या मोजायच्या नव्हत्या, पण माझं तोंड त्या वेळी कोणी पाहावं असं नव्हतं.

मार्चमध्ये मंडळाची वार्षिक सभा झाली. सेक्रेटरीबाई फोनवर एकेक भांडं वाचत होत्या. एका ओळीवर थांबल्या. हा एक मधला गंज दिवाळीपासून बाहेर आहे, परतीची तारीखच नाही, असं कसं चालेल, म्हणाल्या. सगळे काकांकडे बघायला लागले. सभेतल्या निम्म्या लोकांनी अकरा वर्षांपूर्वीची ती संध्याकाळ पाहिलेली होती.

काका बसल्या जागेवरून म्हणाले, "तो गळते. राहू द्या तिकडंच."

"पण इथे तर चांगला लिहिलंय," सेक्रेटरीबाई म्हणाल्या आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी सांगितलं की ती माझी चूक आहे, काका बरोबर सांगत आहेत. मग सगळ्यांदेखत फोन काढला, त्या गंजाची डिटेल स्क्रीन उघडली आणि स्थितीच्या रकान्यात 'चांगला' काढून 'गळका' केलं. सेक्रेटरीबाईंनी पुढची ओळ वाचायला घेतली.